पुस्तकांच्या दुकानदारांना खुलं पत्र: महिन्यातली एक संध्याकाळ निबंधांना द्या

पुस्तकांची दुकानं चालवणाऱ्या सगळ्यांना,

नमस्कार.

तुमच्याकडे एक मागणं आहे आणि ते आधीच सांगून टाकते. महिन्यातली एक संध्याकाळ, दर महिन्याला तीच, म्हणजे दुसरा गुरुवार ठरला तर दुसराच गुरुवार, तुमच्या दुकानात निबंध वाचायला द्या. लोकांनी स्वतः लिहिलेले आणि स्वतःच्या आवाजात वाचलेले निबंध. कविता नाही, कथा नाही, पुस्तक प्रकाशन तर अजिबात नाही. आणि एकदा सुरू केलंत की निदान वर्षभर बंद करू नका. बाकीचं पत्र हे का मागतेय आणि ते नीट कसं करता येतं याबद्दल आहे, कारण मी गेली काही वर्षं असं वाचन भरवतेय आणि त्यात मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही परत कराव्यात असं मला वाटत नाही.

कवितेचं बरं चाललंय. ओपन माईक असतात, मैफली असतात, कोणीतरी कुठेतरी कवींना उभं करतंच. कथेला अभिवाचन करणारे मिळतात. निबंध लिहिणारा माणूस मात्र लिहितो आणि फोनमध्ये ठेवून देतो, फार तर ग्रुपवर टाकतो, तिथे चार अंगठे येतात आणि रात्रीपर्यंत ते वर सरकून दिसेनासं होतं. आपण तीन आठवडे ज्यावर विचार केला ते पंचवीस माणसांनी फोन खाली ठेवून ऐकलं, हा अनुभवच त्याला कधी मिळत नाही. मला तो एकदा मिळाला, अगदी अचानक, आणि त्यानंतर माझी लिहायची पद्धतच बदलली, म्हणून एवढं जीव तोडून लिहितेय.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. निबंध म्हटलं की लोकांना शाळा आठवते, प्रस्तावना मग मुद्दे मग समारोप, आणि समास सोडून लिहिलेलं ते पान. पोस्टरवर नुसतं 'निबंध वाचन' लिहिलं तर ज्यांना भाषण करायचंय ते येतात आणि ज्यांना वाटतं इथे स्पर्धा आहे ते येतात. 'ललित' म्हणावं तर अर्ध्या लोकांना वाटतं हे आपलं काम नाही, त्याला भाषा लागते. निबंध या शब्दाच्या पोटातच बंध आहे, बांधणं आहे. फ्रेंचमध्ये मोन्तेन्य नावाच्या लेखकाने १५८० साली आपल्या लिखाणाला जो शब्द वापरला त्याचा अर्थ मात्र प्रयत्न, करून बघणं, अंदाज घेणं असा होता, आणि तो माणूस नंतरच्या आवृत्त्यांमध्ये जुनं फारसं न खोडता त्यातच भर घालत गेला, म्हणजे आधीचं मत आणि नंतर आलेली शंका दोन्ही एकाच पानावर राहिले. मला दुकानात नेमकं हेच हवं असतं. म्हणून मी आता पोस्टरवर एवढंच लिहिते: 'स्वतःच्या आयुष्यातली खरी गोष्ट, त्यावर केलेला विचार, वाचायला आठ मिनिटं.' हे वाचून जी माणसं येतात ती वेगळीच असतात, कोणी हिशोबनीस असतं, कोणी रिटायर्ड नर्स, कोणी पहिल्यांदाच काहीतरी लिहिलेलं.

दर महिन्याला, ठरलेल्याच दिवशी, हा हट्ट मी का धरतेय ते सांगते. मराठीत हे लिखाण वाढलंच मुळी ठरलेल्या मुदतीने. लोकहितवादींची पत्रं १८४८ पासून एका साप्ताहिकात येत होती, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ ला सुरू झाली ती ८४ अंकांपर्यंत गेली, महिन्याला एक धरला तर सात वर्षांचा मजकूर. त्यातली सगळी मतं मला पटतात असं मुळीच नाही, काही तर अजिबात पटत नाहीत. पण पुढचा अंक येणार हे माहीत असलं की वाचणारा वाट बघतो आणि लिहिणारा लिहितो, दोघांनाही तारीख लागते. माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका बाईंनी मला सांगितलं होतं की त्या महिनाभर काहीच लिहीत नाहीत, वाचनाच्या आधीच्या दोन आठवड्यांत लिहितात, आणि वाचन नसतं तर ते दोन आठवडेसुद्धा आले नसते.

आणि एक-दोनदा करून बंद केलं तर काहीच होत नाही, उलट नुकसान होतं. एका दुकानात आम्ही सुरू केलं होतं, पहिल्या वेळी पस्तीस लोक आले, सगळे खूश, दुसऱ्या वेळी अठरा, तिसऱ्या वेळी नऊ. मालकांनी तिसऱ्यानंतर सांगितलं की रिस्पॉन्स नाहीये, थांबू या. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर अजिबात पटत नाही, कारण हा उतार बहुतेक ठिकाणी येतो. पहिल्या वेळी वाचणाऱ्यांचे नातेवाईक येतात, कुतूहल म्हणून मित्र येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते गळतात. खरे ऐकणारे चौथ्या-पाचव्या महिन्यापासून जमायला लागतात, ज्यांची वाचणाऱ्याशी काहीही ओळख नसते, जे फक्त ऐकायला येतात, आणि एकदा लागले की जात नाहीत. तिसऱ्या महिन्यात बंद करणं म्हणजे पेरणी करून उगवायच्या आत नांगर फिरवणं आहे. नऊ लोक आले हा निकाल धरू नका, ते नऊ कोण होते ते बघा.

एकदा तर चारच जण आले होते, त्यात दुकानातला एक मुलगा आणि मी. बाहेर धो धो पाऊस. वाचणारे पाच ठरले होते त्यातले दोघेच पोचले. मी म्हटलं रद्द करू या, तर त्या दोघांपैकी जे आजोबा होते ते म्हणाले की मी एवढ्या लांबून कागद भिजू न देता आणलाय, मी वाचणार. वाचले. बायकोच्या चष्म्यावर लिहिलं होतं, त्या गेल्यानंतर तो चष्मा कुठे ठेवायचा हेच त्यांना कळत नव्हतं, कपाटात ठेवला तर धूळ बसते आणि टेबलावर ठेवला तर वाटतं आत्ता येऊन घालतील. आम्ही चौघं खुर्च्या जवळ ओढून बसलो होतो, माईक लावलाच नव्हता. त्या दिवसापासून मी ठरवलं की किती लोक आलेत यावरून रद्द करायचं नाही, कधीच.

आता तुम्ही म्हणाल की यात दुकानाचं काय. विचारायलाच पाहिजे, दुकान चालवणं सोपं नाही हे मला दिसतं. एक जुनं उदाहरण सांगते. पॅरिसमध्ये सिल्विया बीचने १९१९ साली 'शेक्सपिअर अँड कंपनी' हे दुकान काढलं. तिच्या शेजारसोबतीला आद्रियेन मोनियेचं दुकान १९१५ पासून होतंच आणि तिथे लेखक येऊन वाचत असत. पुढे मंदीत सिल्वियाच्या दुकानावर बंद पडायची पाळी आली तेव्हा १९३६ मध्ये आंद्रे जीद आणि इतर लेखकांनी दुकानाच्या मित्रांचं एक मंडळ काढलं, लोक वर्गणी भरून सभासद झाले आणि त्या बदल्यात त्यांना दुकानात लेखकांची वाचनं ऐकायला मिळाली, पॉल व्हॅलेरी वाचून गेले, टी. एस. एलियट वाचून गेले. दुकान तगलं, आणि शेवटी १९४१ ला बंद झालं ते जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये. तुमच्याकडे एलियट येणार नाहीत. पण लोकांना दुकान आपलं वाटावं यासाठी तिने दुकानात बसून ऐकायला दिलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्या जागेत आपण गप्प बसून कोणाचं तरी ऐकलंय ती जागा मनात राहते.

विक्रीबद्दल मी खोटी आशा दाखवणार नाही. काही महिने त्या संध्याकाळी एकही पुस्तक जात नाही. लोक ऐकतात, भारावतात आणि घरी जातात. एक गोष्ट मात्र आमच्याकडे हमखास चालते: प्रत्येक वाचणाऱ्याला मी आधी विचारते की तुम्हाला लिहावंसं वाटायला लावणारं एक पुस्तक सांगा, ती पाच पुस्तकं दुकानदार दाराजवळच्या टेबलावर ठेवतात आणि वाचण्याआधी प्रत्येकजण एका वाक्यात सांगतो की हेच का. मध्यंतरात लोक त्या टेबलापाशी उभे असतात. डिस्काउंटच्या पाटीपेक्षा ते एक वाक्य जास्त काम करतं हे मी बघितलंय. वार मधला घ्या, शनिवार-रविवार तुमच्या गिऱ्हाइकांचा असतो, तो मोडू नका. आणि वाचणाऱ्यांना काहीतरी द्या, मानधन जमत नसेल तर दुकानातलं एखादं पुस्तक निवडायला सांगा. फुकट वाचून घेतलं असं कोणाला वाटता कामा नये. प्रवेश मोफत ठेवावा असं माझं मत आहे, दारात डबा ठेवा, ज्याला टाकायचे त्याने टाकावे.

वेळेचं गणित आधी करा, सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. पाच वाचणारे, प्रत्येकी आठ मिनिटं, झाली चाळीस. ओळख करून देणं, उठणं-बसणं यात पंधरा, मध्यंतर वीस. सव्वा तासात उरकतं, आणि सव्वा तास साध्या खुर्चीवर बसवतो. आठ मिनिटं म्हणजे किती शब्द हे लोकांना कळत नाही, प्रत्येकाला वाटतं आपलं छोटंच आहे. इंग्रजी ऑडिओबुकं साधारण मिनिटाला दीडशे शब्दांच्या वेगाने असतात, मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात म्हणून शब्द लांब पडतात, मी मिनिटाला शंभर ते सव्वाशेच धरते, म्हणजे आठ मिनिटांना नऊशेच्या आसपास शब्द झाले. हा आकडा आधी कळवा, आणि घरी मोठ्याने टायमर लावून वाचून या असंही सांगा, मनात वाचून वेळ बघितलेला माणूस हमखास तेरा मिनिटं घेतो. एकाने तेरा घेतली की शेवटच्या माणसाच्या वाट्याला थकलेले कान येतात. तो शेवटचा माणूस बहुतेक वेळा बिचारा नवीन असतो, काही बोलत नाही, आणि परत येत नाही.

निबंध आठ-दहा दिवस आधी मागवून घ्या आणि कोणीतरी तो खरंच वाचा. शुद्धलेखन बघायला नको, तो कानाला कसा लागेल ते बघायचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळी गंमत इथेच आहे. डोळ्यांनी वाचणारा मागे जाऊ शकतो, ऐकणारा जाऊ शकत नाही. आणि आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे चार ओळींचं वाक्य असलं की ऐकणारा माणूस कर्ता, कर्म, कुठे, कधी, कोणाबरोबर हे सगळं हातात धरून शेवटपर्यंत ताटकळत बसतो की आता काय झालं ते कळेल, आणि मधेच वाचणारा श्वास घ्यायला थांबला की हातातलं सगळं सांडतं. तेच वाक्य कागदावर सुंदर असतं. म्हणून मी लिहिणाऱ्याला सांगते की वाक्य तोडा किंवा क्रियापद पुढे ओढा, बोलताना आपण ओढतोच की, 'गेलो मग मी तिच्याकडे' असं. कंस ऐकू येत नाही. अवतरण चिन्ह ऐकू येत नाही, त्यामुळे कोण बोलतंय ते शब्दात सांगावं लागतं. तळटीप तर नाहीच. पहिल्या मिनिटात सहा नावं आली की ऐकणारा पहिली तीन विसरतो. दुसरीकडे, पुनरुक्ती कागदावर खटकते पण कानाला आधार देते, एखादं वाक्य तीनदा परत आलं तर लोक तिसऱ्यांदा ते ओळखतात आणि त्यांचे चेहरे बदलतात, हे समोर बसून बघण्यासारखं असतं.

डिकन्ससारखा माणूस, ज्याने १८५३ मध्ये धर्मादाय कामासाठी आणि १८५८ पासून पैसे घेऊन स्वतःची पुस्तकं लोकांसमोर वाचली, तोसुद्धा छापलेलं तसंच्या तसं वाचत नव्हता. वाचायची प्रत वेगळी असायची, त्यात पानंच्या पानं कापलेली, शब्दांखाली रेघा ओढलेल्या, समासात स्वतःसाठी सूचना. एवढा मोठा लेखक स्वतःचं कापत होता, तर आपण दोन परिच्छेद कापायला का रडायचं? हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगते आणि त्यांना ते पटतं.

कागदाबद्दल एकच सांगते. मोठा टाइप, पाठकोरे कागद, स्टेपल न करता, आणि पान परिच्छेदाच्या शेवटी संपलेलं. वाक्याच्या मधे पान उलटलं की आवाज पडतो. फोनवरून वाचणारे असतात, चालतं, फक्त स्क्रीन आपोआप बंद होणार नाही आणि वरून मेसेज येणार नाहीत एवढं बघून घ्या.

क्रम लावणं हे खरं कौशल्याचं काम आहे. सगळ्यात चांगला निबंध शेवटी ठेवायचा मोह होतो, मी तो सोडलाय. पहिला माणूस आवाज स्थिर असलेला हवा, खोली शांत करणारा. पहिल्यांदा वाचणाऱ्याला दुसरा नंबर द्या, त्याच्या पोटातली धडधड फार वेळ चालू राहायला नको. आणि कोणी मरणावर, आजारावर, घर मोडण्यावर वाचलं असेल तर त्याच्यामागे लगेच हसवणारं लावू नका, दोघांवरही अन्याय होतो. तिथे मध्यंतर घ्या. सूत्रसंचालन करणाऱ्याने अशा वेळी काही बोलूच नये, अर्धा मिनिट गप्प बसावं. हे फार कठीण असतं, आपल्याला वाटतं शांतता पडली म्हणजे कार्यक्रम पडला, आणि आपण काहीतरी छान, जड शब्द बोलून जातो आणि वाचणाऱ्याने आत्ता जे वाचलं ते पुसून टाकतो. मी हे एकदा केलंय. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा भाव मला अजून दिसतो.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. निबंधात खरी माणसं असतात. कथेत आई आली तर ती कथेतली आई, निबंधात आली तर ती त्या माणसाची आई, आणि ती कदाचित तिसऱ्या रांगेत बसलेली असते. म्हणून निबंध मागवताना मी दोन प्रश्न विचारते: यातलं कोण जिवंत आहे, आणि त्यांना हे माहीत आहे का. उत्तर नाही आलं म्हणून मी निबंध परत पाठवत नाही, लिहिणाऱ्याला आपली गोष्ट सांगायचा हक्क आहे, पण आम्ही बसून बोलतो. नाव काढता येईल का, व्यवसाय बदलला तर चालेल का, तो आजाराचा उल्लेख खरंच लागतोय का. अनेकदा लिहिणाऱ्याने हा विचारच केलेला नसतो, कारण लिहिताना तो एकटा होता, आणि वाचताना खोलीत तीस माणसं असणार आहेत.

याच कारणासाठी रेकॉर्डिंग नको. फोटो सुरुवातीला एक, बास. लाइव्ह तर नकोच. मला माहितीये की दुकानाला आपल्या पेजवर टाकायला व्हिडिओ हवे असतात आणि त्यात गैर काही नाही, त्यासाठी दुसरे कार्यक्रम करा. कॅमेरा लागला की माणूस दुसरंच वाचतो. ज्या निबंधांसाठी मी ही सगळी धडपड करते ते निबंध फक्त त्या खोलीसाठी वाचले जातात, वाचणाऱ्याला माहीत असतं की हे उद्या ऑफिसातल्या कोणाच्या फोनवर दिसणार नाही. एका माणसाने आपल्या वडिलांच्या दारूबद्दल वाचलं होतं, वाचून झाल्यावर त्याने मला फक्त एवढंच विचारलं, कोणी रेकॉर्ड नाही ना केलं? मी नाही म्हटलं आणि तो खाली बसला. हा 'नाही' आपल्याला शंभर टक्के खरा देता आला पाहिजे, म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांना स्पष्ट सांगा आणि कोणी फोन वर धरला तर जाऊन खाली करायला सांगा, वाईटपणा आला तरी चालेल.

प्रश्नोत्तरंही नकोत. भाषणानंतर प्रश्न ठीक आहेत, निबंधानंतर प्रश्न म्हणजे सल्ला सुरू होतो. कोणीतरी उठतं आणि म्हणतं, ताई तुम्ही भावाशी परत बोलून बघा. त्या ताईने सल्ला मागितलेला नसतो. त्यापेक्षा मध्यंतर लांब ठेवा, ज्याला जे बोलायचंय ते तो तिला वेगळं गाठून हळू आवाजात बोलतो, आणि तिथे लोक खूप चांगलं बोलतात.

खोलीचं थोडक्यात. खुर्च्या अपेक्षेपेक्षा कमी मांडा आणि लागल्या तर आणा, बारा माणसं पंधरा खुर्च्यांत भरलेली वाटतात आणि चाळीस खुर्च्यांत हरवतात. रांगा खोल नकोत, रुंद हव्यात, अर्धवर्तुळासारख्या, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो आणि वर पुस्तकांनी भरलेले रॅक आवाज शोषून घेतात, वाचणाऱ्याच्या आवाजाला भिंतीची मदत मिळत नाही. तोच तर दुकानाचा गुण आहे, तिथे घुमत नाही. दार ऐकणाऱ्यांच्या पाठीमागे येऊ द्या, उशिरा येणारा माणूस वाचणाऱ्याच्या समोरून जाता कामा नये. बिलाचा प्रिंटर त्या तासाभरात बंद. डोक्यावरचा पंखा कागद उडवणार नाही बघा.

माईक लावाच, लहान खोली असली तरी. 'माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको' असं म्हणणारे नेहमी असतात, त्यांना प्रेमाने सांगा की माईक त्यांच्यासाठी नाहीये, ज्याला कमी ऐकू येतं आणि जो ते हात वर करून कधीच सांगणार नाही त्याच्यासाठी आहे. साधा डायनॅमिक माईक पुरतो, जो समोरचंच उचलतो. तोंडापासून वीतभरापेक्षा लांब नको, आणि स्पीकर माईकच्या पुढे, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या बाजूला ठेवा, मागे ठेवला की शिट्टी वाजते. निबंधाच्या दोन-तीन छापील प्रती शेवटच्या खुर्चीवर ठेवा, ज्याला ऐकूच येत नाही त्याला वाचता येईल, वाचून झाल्यावर परत घ्या. व्हीलचेअर आत येऊन वळेल एवढी वाट रॅकमधून मोकळी असावी.

आणि हो, कोणी दुसऱ्या लेखकाचं वाचू का म्हणून विचारेल. आमच्याकडे आम्ही नाही म्हणतो, मुख्य कारण हे की संध्याकाळ स्वतःच्या लिखाणाची आहे. पण नियमही तसाच आहे, बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, जाहीर वाचनाचा हक्क लेखकाला वेगळा दिलेला आहे, आणि कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो, बऱ्याच देशांत त्याहून जास्त. तेव्हा परवानगीशिवाय नको.

शेवटी एका माणसाबद्दल सांगते, कारण तो तुमच्यातलाच आहे. आमच्या दुकानात काउंटरवर एकजण काम करायचा, वाचनाच्या संध्याकाळी तो खुर्च्या लावायला मदत करायचा आणि मग काउंटरच्या मागे उभा राहायचा, पूर्ण वेळ उभाच. मला वाटायचं थांबावं लागतंय म्हणून थांबतोय. दीड वर्षाने त्याने मला विचारलं, दुकानातल्या माणसाने नाव दिलं तर चालतं का. त्याने परत आलेल्या पुस्तकांवर लिहिलं होतं, म्हणजे जी न विकता प्रकाशकाकडे परत जातात ती. खोकी बांधताना तो प्रत्येकातलं पहिलं पान वाचायचा, कारण त्याला वाटायचं की निदान एकाने तरी ते उघडलेलं असावं. आठ मिनिटांचं होतं, घड्याळ लावून तयारी केली होती. त्याचे मालक पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांना हे काहीच माहीत नव्हतं, इतकी वर्षं एका छताखाली काम करून.

तुमच्याही काउंटरमागे कोणी उभं असेल. मी एवढंच मागतेय की या महिन्यात एक वार ठरवा, कोणता ते तुम्हाला जास्त कळतं, आणि दारावर एक कागद लावा. त्यावर लिहा: दर महिन्याला याच वारी, संध्याकाळी सात वाजता, पाच जण स्वतः लिहिलेलं वाचतील, प्रत्येकी आठ मिनिटं, रेकॉर्डिंग नाही, प्रवेश मोफत. आणि खाली पुढच्या बारा महिन्यांच्या बाराही तारखा लिहून टाका.

आपली,
दर महिन्याला खुर्च्या मांडणारी एक वाचक